कलकत्त्याचे कौन्सिल आणि नागपूर प्रांतातील कूळ : १८८३ च्या कूळकायद्याचा एक अभ्यास

एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानच्या कायदेमंडळांचा इतिहास सामान्यतः प्रतिनिधित्वाच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. १८६१ चा कायदा, १८९२ चा कायदा आणि १९०९ च्या सुधारणा या तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर थोडे अधिक हिंदी सभासद, असे त्याचे परिचित चित्र आहे. ते चुकीचे नाही. परंतु कायदेमंडळाने जे कायदे केले, ते कोणासाठी केले, आणि ज्यांच्यासाठी केले त्यांचा त्या घडणीशी कितपत संबंध आला, हा प्रश्न त्या चित्रात मागे पडतो. या प्रश्नाचा विचार करण्यास मध्यप्रांताइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. मुंबई इलाख्याला १८६२ पासून स्वतःचे कौन्सिल होते आणि त्याच्या पहिल्या हिंदी सभासदांत जगन्नाथ शंकरशेट यांचा समावेश होता. नागपूरला मात्र स्वतःचे कायदेमंडळ मिळण्यास १९१३ साल उजाडावे लागले. मध्यंतरीच्या अर्धशतकात या प्रांतातील शेतकऱ्याच्या जमिनीवरील हक्काचे जे महत्त्वाचे कायदे झाले, ते सर्व कलकत्त्यास किंवा सिमल्यास, गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात झाले. त्यांपैकी १८८३ चा ९ वा कायदा, म्हणजे मध्यप्रांताचा पहिला स्वतंत्र कूळकायदा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. पार्श्वभूमी : आधी मालकी, मग कायदा

तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निवर्तले. त्यांना औरस पुत्र नव्हता हे निमित्त करून डलहौसीने १८५४ त नागपूरचे राज्य खालसा केले. २ नोव्हेंबर १८६१ रोजी नागपूर आणि सागर-नर्मदा मुलूख एकत्र करून मध्यप्रांत बनविण्यात आला आणि त्यावर एका चीफ कमिशनरची योजना झाली. १८६२ पासून सर रिचर्ड टेंपल यांनी या पदाची सूत्रे हाती घेतली. नव्या प्रांताची राज्यव्यवस्था, दळणवळण आणि बंदोबस्त या तिन्ही गोष्टींवर टेंपल यांची छाप पडली. त्यांतील बंदोबस्ताचे परिणाम सर्वांत दूरवर पोचले.

भोसल्यांच्या अमलात गावचा वसूल पाटलामार्फत होत असे. पाटील हा गावचा व्यवस्थापक आणि सरकारदेण्याचा जबाबदार माणूस होता; गावातील जमिनीचा तो मालक आहे, असे तत्कालीन व्यवहारात कोणी मानीत नसे. रयतेने सारा भरावा, लागवड चालू ठेवावी आणि दरबाराने मागणी वाढविली तर सोसावी किंवा गाव सोडून जावे, असा तो क्रम होता. जमीन विपुल आणि कसणारा दुर्मीळ अशा स्थितीत रयतेचे खरे संरक्षण कोणत्या कागदात नव्हते. ते तिच्या गाव सोडून जाण्याच्या शक्तीत होते. पाटलाला रयत टिकवून धरावी लागे, कारण ओस पडलेल्या गावाचा सारा त्याच्याच अंगावर येई.

टेंपल यांच्या काळात सुरू झालेल्या तीस वर्षांच्या बंदोबस्तात ही रचना मुळापासून बदलली. वायव्य प्रांतातील पद्धतीचा आदर्श समोर ठेवून गावाच्या साऱ्यास जबाबदार असणाऱ्या माणसाला गावाची मालकी देण्याचे ठरले. पाटील असो, भोसल्यांच्या वेळचा मक्तेदार असो, की कर्जाच्या वसुलीत गाव हाती आलेला सावकार असो, जो साऱ्याचा करार करील तो मालगुजार, आणि मालगुजार तो मालक, अशी नवी व्याख्या झाली. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हा एवढा मोठा हक्कबदल कोणत्याही कायदेमंडळाने केलेला नव्हता. तो शासकीय आदेशांनी आणि बंदोबस्त अधिकाऱ्यांच्या निवाड्यांनी झाला. मध्यप्रांत हा 'नॉन-रेग्युलेशन' प्रांत होता, म्हणजे इलाख्यांच्या नियमबद्ध चौकटीबाहेर, अधिकाऱ्यांच्या विवेकावर चालणारा. मालकी आधी वाटली गेली. तिची मर्यादा ठरविणारा कायदा वीस वर्षांनी आला. पुढील सर्व गुंतागुंतीचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

२. उसना कायदा आणि त्याची मर्यादा

मालगुजाराला मालक केल्यावर गावातील इतर सर्व शेतकरी आपोआप त्याचे कूळ ठरले. या कुळांचे काय करावयाचे, हा प्रश्न बंदोबस्त चालू असतानाच उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून बंगालसाठी केलेला १८५९ चा १० वा कायदा १८६४ पासून मध्यप्रांतास लावण्यात आला. एखाद्या कुळाने एकच जमीन सतत बारा वर्षे कसली तर त्यास भोगवट्याचा कायम हक्क प्राप्त होतो, हा त्या कायद्याचा गाभा. मालकाच्या खास सीर जमिनीस मात्र हा नियम लागू नव्हता.

बारा वर्षांचा हा नियम बंगालच्या परिस्थितीत जन्मला होता, आणि तेथेही तो वादग्रस्त होता. तो किती काळ टिकेल याविषयी अधिकाऱ्यांनाच खात्री नव्हती. पंजाब आणि अयोध्या या प्रांतांत याच सुमारास जमीनदार आणि कुळे यांच्या हक्कांविषयी तीव्र मतभेद चालू होते आणि दोन्ही ठिकाणी १८६८ त स्वतंत्र कायदे करावे लागले. उद्या बारा वर्षांचा नियम रद्द झाला तर जुन्या, वंशपरंपरेने जमीन कसणाऱ्या, विहिरी-बांधावर पैसा घातलेल्या रयतेचे काय, या शंकेने १८६५ त बंदोबस्त खात्याने 'जी' परिपत्रक म्हणून ओळखला जाणारा आदेश काढला. त्यान्वये अशा निवडक कुळांना कायद्याच्या फेरबदलावर अवलंबून नसलेला, बिनशर्त भोगवट्याचा हक्क बंदोबस्ताच्या कागदांतच नोंदवून देण्यात आला. हाच मध्यप्रांतातील 'पूर्ण भोगवटादार' कुळांचा वर्ग होय. त्याच्या जमिनीचा खंड बंदोबस्ताच्या मुदतीपर्यंत कायम असे.

येणेप्रमाणे १८७० च्या सुमारास एकाच गावात कुळांचे तीन थर पडले : आदेशाने संरक्षित पूर्ण भोगवटादार, बारा वर्षांच्या नियमाने संरक्षित भोगवटादार, ज्यांना व्यवहारात मौरुसी म्हणत, आणि कोणतेच संरक्षण नसलेली साधी कुळे. शेजारी शेजारी नांगर धरणाऱ्या दोघांच्या हक्कांत हे जे अंतर पडले, ते बहुतेक वेळा त्यांच्या पूर्वेतिहासापेक्षा बंदोबस्त अधिकाऱ्यासमोर त्या दिवशी काय पुरावा आला, यावर अवलंबून होते.

दरम्यान भूमीचे मोल बदलत होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव भडकले. १८६७ त मुंबईचा लोहमार्ग नागपूरला पोचला. १८७७ त टाटांची एंप्रेस मिल सुरू झाली. १८८० नंतर नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे जाऊ लागली आणि तेथील तांदूळ व गहू बाहेरच्या बाजारात आले. ज्या जमिनीसाठी पूर्वी कूळ शोधावे लागे, तिच्यासाठी आता कुळे मालगुजाराचे दार ठोठावू लागली. गाव सोडून जाण्याची धमकी हे रयतेचे जुने हत्यार होते, ते बोथट झाले. मालगुजाराच्या दृष्टीने बारा वर्षांचा नियम हा आता एक धोका होता. आणि त्यावरील उपाय सोपा होता. बारावे वर्ष भरण्यापूर्वी कुळाला एका शेतातून दुसऱ्या शेतात हलविले, की मुदतीची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू. उसन्या कायद्याने दिलेले संरक्षण टाळण्याची पळवाट त्याच्याच शब्दांत होती.

३. कौन्सिलाची घडण

या परिस्थितीवर उपाय करण्याचा अधिकार ज्या संस्थेकडे होता, तिचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टाने गव्हर्नर जनरलच्या कार्यकारी मंडळात, केवळ कायदे करण्याच्या कामापुरते, सहा ते बारा जादा सभासद नेमण्याची तरतूद केली. त्यांतील निदान निम्मे सरकारी नोकरीबाहेरचे असावेत, अशी अट होती. नेमणूक व्हाइसरॉयची, मुदत दोन वर्षांची. सभासदांना प्रश्न विचारण्याचा अधिकार नव्हता, अंदाजपत्रकावर बोलण्याचा नव्हता. समोर असलेल्या बिलापलीकडे चर्चा नेण्यास कायद्यानेच मज्जाव होता. संमत झालेल्या बिलास व्हाइसरॉयची मंजुरी लागे, आणि ती मिळाल्यावरही लंडनमधील भारतमंत्र्यास तो कायदा रद्द करविता येई. १८७४ पासून तर महत्त्वाच्या बिलांचे मसुदे आधीच लंडनला धाडण्याचा दंडक लॉर्ड सॅलिस्बरी यांनी घालून दिला होता.

अशा मंडळाला आजच्या अर्थाने विधिमंडळ म्हणता येणार नाही. तथापि त्याची कार्यपद्धती निव्वळ देखावा होती, असे म्हणणेही सयुक्तिक ठरणार नाही. बिल मांडण्याची परवानगी घ्यावी, ते मांडावे, सिलेक्ट कमिटीकडे सोपवावे, सरकारी गॅझेटात प्रसिद्ध करावे, प्रांतिक सरकारचे व जिल्हा अधिकाऱ्यांचे अभिप्राय मागवावेत, कमिटीचा अहवाल आल्यावर कलमवार विचार करून बिल संमत करावे, असा तो क्रम असे. अभिप्रायांची ही मागणी हेच त्या काळी प्रजेचे मत मंडळापर्यंत पोचण्याचे मुख्य साधन होते. परंतु अभिप्राय देणार कोण? जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर, बंदोबस्त अधिकारी, न्यायाधीश, आणि फार तर काही प्रतिष्ठित मालगुजार. कुळाचे मत कमिशनरच्या लेखणीतूनच कलकत्त्यास पोचे. नागपुरात सुशिक्षितांचा वर्ग अद्याप लहान होता. हिस्लॉप कॉलेज १८८३ त निघाले आणि मॉरिस कॉलेज १८८५ त. इंग्रजी मसुदा वाचून त्यावर लेखी टीका करू शकणारा माणूस कुळांच्या वर्गात असण्याचा संभवच नव्हता.

या कौन्सिलाने मध्यप्रांतासाठी पायरीपायरीने कायद्यांची चौकट उभी केली. १८७५ च्या २० व्या कायद्याने प्रांतात कोणते कायदे लागू आहेत, आणि वारसा, विवाह इत्यादी बाबतींत हिंदू व मुसलमान यांचे धर्मशास्त्र कोठवर मानावयाचे, हे निश्चित केले. १८८१ च्या १८ व्या कायद्याने जमीनमहसुलाची व्यवस्था ठरविली; मालगुजार, लंबरदार, मुकादम आणि पटवारी यांना कायद्यात स्थान मिळाले. १८८३ च्या पहिल्याच कायद्याने लॉर्ड रिपन यांच्या धोरणानुसार मध्यप्रांतात स्थानिक स्वराज्याची रचना झाली. आणि त्याच वर्षाच्या ९ व्या कायद्याने कुळांचा प्रश्न हाती घेतला. या सर्व वर्षांत कौन्सिलात मध्यप्रांताचा असा एकही हिंदी सभासद नव्हता. राव साहेब विश्वनाथ नारायण मंडलिक १८८४ त या कौन्सिलात गेले, ते मुंबई इलाख्यातून. म्हणजे तेही या कायद्यानंतर.

४. १८८३ च्या कायद्याचा आशय

१८८३ हे वर्ष आपल्या इतिहासात प्रामुख्याने इल्बर्ट बिलाचे वर्ष म्हणून लक्षात राहिले आहे. लॉ मेंबर कोर्टनी इल्बर्ट यांनी फेब्रुवारीत मांडलेल्या त्या बिलावरून गोऱ्या समाजाने जो गदारोळ केला, त्यात त्याच कौन्सिलाचे इतर काम झाकोळून गेले. एका दृष्टीने हे बोधप्रद आहे. ज्या बिलाचा संबंध मूठभर युरोपियनांशी होता, त्यावर सभा झाल्या, वृत्तपत्रे पेटली, आणि शेवटी सरकारला माघार घ्यावी लागली. ज्या कायद्याने मध्यप्रांताच्या बंदोबस्ती गावांतील बहुसंख्य शेतकऱ्यांचा हक्क ठरत होता, त्याच्या बाजूने वा विरुद्ध नागपुराबाहेर कोणी सभा भरविण्याचे कारण नव्हते.

कायद्याने काय केले? पहिली गोष्ट, कुळांचे जे वर्ग आदेशांनी आणि निवाड्यांनी निर्माण झाले होते, त्यांना कायद्याची मान्यता दिली. पूर्ण भोगवटादारांचा हक्क आता परिपत्रकावर नव्हे, तर कायद्याच्या कलमावर उभा राहिला. दुसरी गोष्ट, बारा वर्षांचा नियम पुढील काळापुरता बंद केला. कायदा अंमलात आला त्या दिवशी ज्याची बारा वर्षे भरली होती तो भोगवटादार ठरला. ज्याची भरली नव्हती, त्यास केवळ काळाच्या ओघात तो हक्क मिळण्याचा मार्ग उरला नाही. चांदा, निमाड आणि संबलपूर या तीन जिल्ह्यांत मात्र सीर जमीन वगळता सर्वच कुळांना भोगवटादारीचा हक्क होता. एकाच कायद्याखाली वर्ध्याच्या कुळाची आणि चांद्याच्या कुळाची स्थिती भिन्न असावी, हे या प्रांताच्या बंदोबस्ताचेच वैशिष्ट्य होय.

तिसरी आणि सर्वांत कल्पक गोष्ट साध्या कुळाविषयीची. त्याला बेदखलीपासून सरसकट अभय देण्याऐवजी कायद्याने बेदखली महाग करण्याचा मार्ग पत्करला. मालगुजाराला खंड वाढवावयाचा असेल तर त्याने रीतसर नोटीस द्यावी. कुळाला वाढ मान्य नसेल तर त्यास जमीन सोडावी लागेल; परंतु सोडण्यापूर्वी मालगुजाराने मागितलेल्या वार्षिक वाढीच्या सातपट रक्कम त्यास उठविण्याची भरपाई म्हणून दिली पाहिजे. समजा, एखाद्या शेताचा खंड दहा रुपये आहे आणि मालगुजार पंधरा मागतो. कूळ नाही म्हणाले, तर मालगुजाराला पस्तीस रुपये मोजल्यावाचून ते शेत मोकळे करून घेता येणार नाही. मागणी जितकी अवाजवी, तितकी भरपाई मोठी, असा हा हिशेब. शिवाय एकदा वाढ झाली की सात वर्षे पुन्हा वाढ मागता येत नसे. आणि ज्या साध्या कुळास भोगवट्याचा हक्क हवा असेल, त्याने वार्षिक खंडाच्या अडीचपट रक्कम भरून तो विकत घ्यावा, अशीही सोय ठेवली होती.

या तरतुदींमागील विचारसरणी स्पष्ट आहे. मालगुजाराची मालकी सरकारनेच दिलेली. ती काढून घेणे म्हणजे स्वतःच्या शब्दास बाध आणणे. कुळाला उघड्यावर सोडणे म्हणजे अशांततेस आमंत्रण देणे. १८७५ त पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध झालेले दंगे, आणि त्यापायी याच कौन्सिलाला १८७९ त करावा लागलेला दख्खनच्या शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा, या गोष्टी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांसमोर ताज्या होत्या. म्हणून हक्क काढून न घेता त्याच्या वापराला किंमत लावावयाची, असा हा मध्यम मार्ग. बंगालचा १८८५ चा कूळकायदा यानंतर दोन वर्षांनी आला. मध्यप्रांत हा त्या दृष्टीने प्रयोगाचे क्षेत्र ठरला, आणि तेथे संघटित जमीनदारांचा विरोध नसल्यामुळे प्रयोग सुकर झाला, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

५. कायदा आणि गाव

कायद्याच्या कागदावरील रचनेत एक गृहीत दडलेले होते. मालगुजाराची नोटीस आल्यावर कूळ हिशेब करील, नकार देईल, भरपाई घेईल आणि दुसरीकडे जाईल, हे ते गृहीत. परंतु कुळाचे घर गावठाणात, गावठाण मालगुजाराच्या मालकीचे. चराई, सरपण, बियाण्याची उचल, बहुधा कर्जही मालगुजाराकडूनच. पस्तीस रुपये हाती घेऊन गाव सोडण्यापेक्षा पाच रुपये वाढ कबूल करणे हेच बहुतेकांना सोयीचे वाटावे, यात नवल नाही. कायद्याने कुळाला सौदा करण्याचे बळ दिले. सौद्याला बसण्याची ऐपत दिली नाही. भोगवटा विकत घेण्याच्या तरतुदीचीही तीच गोष्ट. अडीच वर्षांचा खंड एकरकमी भरणाऱ्या कुळाला तो पैसा सावकाराकडूनच काढावा लागे, आणि मग संरक्षणाची किंमत म्हणून तो नव्या देण्यात अडके.

भोगवटादार कुळाच्या हक्काच्या हस्तांतरावर जे निर्बंध पडले, त्यांचाही परिणाम दुहेरी झाला. जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये हा हेतू. परंतु मालगुजाराच्या संमतीवाचून हस्तांतर नाही, म्हटल्यावर ती संमती हीच एक विक्रीयोग्य वस्तू बनली. संमतीसाठी नजराणा घेण्याची आणि जमिनीचा राजीनामा घेऊन ती दुसऱ्यास लावून देण्याची जी प्रथा पुढील काळात रूढ झाली, तिचे मूळ या संरक्षक निर्बंधातच शोधावे लागते.

याहून महत्त्वाचा प्रश्न संरक्षकाच्या हितसंबंधाचा आहे. १८८९ त महसूल आणि कूळ या दोन्ही कायद्यांत दुरुस्त्या होऊन कुळांचा खंड ठरविण्याचे बंदोबस्त अधिकाऱ्याचे अधिकार वाढविण्यात आले. वरवर पाहता हे मालगुजाराच्या मनमानीस आळा घालणारे पाऊल होते. परंतु सरकारचा सारा हा मालगुजाराच्या उत्पन्नाचा हिस्सा. तत्त्वतः निम्मा, प्रत्यक्षात अनेकदा त्याहून अधिक. खंड वाढला की उत्पन्न वाढते, आणि उत्पन्न वाढले की साराही वाढविता येतो. म्हणजे कुळाचा वाजवी खंड ठरविणारा अधिकारी हाच सरकारच्या वाढत्या मागणीचाही हिशेबनीस होता. बँफील्ड फुलर यांच्या देखरेखीखाली रूढ झालेल्या पद्धतीत प्रत्येक शेताच्या मातीचा प्रकार, त्याचे स्थान आणि सिंचन यांवरून गुण ठरवून खंडाची आकारणी होऊ लागली. पटवाऱ्यांना शिक्षण देऊन शेतवार मोजणी करण्यात आली. नागपूर जिल्ह्याचा फेरबंदोबस्त १८९० नंतरच्या वर्षांत आर. एच. क्रॅडॉक यांनी केला. या कामाची काटेकोरता निर्विवाद आहे. पण तीत कुळांचे खंडही वाढले आणि सरकारी साराही वाढला. त्यामागोमाग १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी प्रांत होरपळला, आणि अनेक भागांत सारा व खंड यांत सूट देण्याची पाळी सरकारवर आली.

६. प्रतिनिधी आला, तो कोणाचा?

डिसेंबर १८९१ त राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपूरला पी. आनंद चार्लू यांच्या अध्यक्षतेखाली भरले. कौन्सिलांची सुधारणा ही सभेची तेव्हाची प्रमुख मागणी होती. १८९२ च्या कायद्याने जादा सभासदांची संख्या दहा ते सोळा केली. अंदाजपत्रकावर बोलण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला. ज्या चार प्रांतांना स्वतःची कौन्सिले होती, त्यांच्या बिनसरकारी सभासदांना वरिष्ठ कौन्सिलात एकेक सभासद सुचविता येऊ लागला. मध्यप्रांताला कौन्सिलच नव्हते. त्यामुळे त्याच्या वाट्यास नेमणूकच आली. १८९३ त नागपूरचे गंगाधरराव माधव चिटणीस यांची त्या जागी नेमणूक झाली. त्यांच्यानंतर नागपूरचे ख्यातनाम वकील, आणि पुढे नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले सर बिपिन कृष्ण बोस यांनाही तो मान मिळाला.

या नेमणुकांनी प्रांताला वरिष्ठ कौन्सिलात वाचा मिळाली, हे खरे. परंतु ती कोणाची वाचा होती? चिटणीसांचे घराणे भोसले दरबारचे, आणि नव्या व्यवस्थेत मोठ्या जमीनदारांपैकी. त्यांच्या व्यक्तिगत योग्यतेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. १९२१ त मध्यप्रांताच्या कौन्सिलाचे ते पहिले अध्यक्ष झाले. मुद्दा वर्गाचा आहे. मतदानाचा पाया नाही, आणि जो पुढे येऊ शकतो तो इंग्रजी शिकलेला वा जमीनजुमला बाळगणारा. अशा व्यवस्थेत प्रांताचा प्रतिनिधी म्हणजे मालगुजार वा त्याचा वकील, असेच समीकरण पडणार. १८९८ त जेव्हा कूळकायदा नव्याने करण्यात आला, म्हणजे त्या वर्षाचा ११ वा कायदा, आणि त्याच्या जोडीस महसूल कायद्याची दुरुस्ती आली, तेव्हा सरकारी बाकावरून कुळाच्या बाजूचा दावा मांडला जात होता आणि प्रांताच्या लोकमताच्या नावाने जे बोलले जाई, ते मुख्यतः मालगुजारांचे गाऱ्हाणे होते.

१८९८ च्या कायद्याने आणखी एक सूक्ष्म गोष्ट केली. गाव विकले गेलेल्या मालगुजाराचा त्याच्या सीर जमिनीवरील कसण्याचा हक्क शाबूत राहावा, आणि महसूल अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून तो हक्क त्याने विकू नये, अशी तरतूद झाली. म्हणजे ज्या मालगुजाराला १८६० नंतर मालकीचा, आणि म्हणून विक्रीचाही, पूर्ण अधिकार दिला होता, त्याचेच सावकारापासून रक्षण करण्याची वेळ तीस-पस्तीस वर्षांत आली. मुक्त मालकीने शेती सुधारेल, भांडवल जमिनीत येईल, ही टेंपल यांच्या काळची श्रद्धा किती ठिसूळ ठरली, याची ही कबुलीच होय.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, मध्यप्रांतातील कूळकायदे म्हणजे कौन्सिलाने केलेली स्वतंत्र सामाजिक सुधारणा नव्हती. कार्यकारी सत्तेने कायद्यावाचून दिलेल्या मालकीचे परिणाम सावरण्याचा तो प्रयत्न होता. दुसरा, या प्रांतात संरक्षण आणि प्रतिनिधित्व या दोन गोष्टी एका मार्गाने आल्या नाहीत. ज्या कौन्सिलात प्रांताचा एकही माणूस नव्हता, त्याने कुळास काही संरक्षण दिले. आणि जेव्हा प्रांताचा माणूस तेथे बसला, तेव्हा तो कुळाचा नव्हता. यावरून परकी नोकरशाही हीच रयतेची खरी वाली होती, असा जो निष्कर्ष तत्कालीन अधिकारी काढीत, तो मात्र स्वीकारता येत नाही. मालगुजार हा त्यांनीच निर्माण केला होता, आणि कुळाच्या खंडात त्यांचा स्वतःचा वाटा होता. तिसरा, वर्धा नदीच्या पलीकडील वऱ्हाडात, जेथे मुंबईच्या धर्तीवर शेतकरी थेट सरकारचा खातेदार होता, तेथे हा प्रश्नच या स्वरूपात उद्भवला नाही. नदीच्या दोन काठांवरील एकाच भाषेचा, एकाच पिकाचा शेतकरी एकीकडे खातेदार आणि दुसरीकडे कूळ झाला, तो केवळ दोन बंदोबस्त पद्धतींमुळे.

१९१३ च्या नोव्हेंबरात मध्यप्रांताचे कौन्सिल स्थापन झाले आणि १९१४ त त्याची पहिली बैठक झाली. पुढे १९२० च्या कूळकायद्याने साधे कूळ आणि भोगवटादार कूळ हा भेद मिटविला. १८८३ त जे अडीचपट खंड भरून विकत घ्यावे लागत होते, ते सदतीस वर्षांनी कायद्यानेच मिळाले. मालगुजारी पद्धतीचा अंत मात्र स्वातंत्र्यानंतर, मध्यप्रदेशाच्या मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्याने, ३१ मार्च १९५१ रोजी झाला. त्या कायद्यास मत देणारे सभासद प्रौढ नव्हे, तर मर्यादित मताधिकारावर निवडलेले होते, हे ध्यानात घेतले तरी १८८३ च्या आणि त्यांच्या स्थितीतील अंतर कमी होत नाही.

या विषयाच्या अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. कौन्सिलाची छापील कार्यवृत्ते विपुल आणि सुवाच्य आहेत; म्हणून त्यांतील भाषणे हाच इतिहास, असे वाटू लागते. परंतु त्या भाषणांत कूळ कोठेही स्वतः बोलत नाही. त्याचा माग काढावयाचा तर बंदोबस्ताच्या अहवालांबरोबर गावोगावच्या जमाबंदीच्या नोंदी, पटवाऱ्याचे कागद, आणि नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयापर्यंत आलेले खटले वाचावे लागतील. कायद्याच्या कलमाचा अर्थ कौन्सिलात ठरला नाही. तो नोटीस आल्यावर कुळाने काय केले, यात ठरला. त्या नोटिसांचा आणि त्यांच्या उत्तरांचा तालुकावार अभ्यास झाल्याखेरीज १८८३ च्या कायद्याचे अंतिम मूल्यमापन करता येणार नाही, आणि हे काम नागपुरातील संशोधकांनीच हाती घेण्यासारखे आहे.